कंसातले दोन आकडे

जगभरातल्या मोजमापांची छाननी करून मूलभूत स्थिरांकांच्या मान्य किमती जाहीर करणारी एक समिती आहे, कोडाटा. तिच्या तक्त्यात गुरुत्वीय स्थिरांकाची (दोन वस्तू एकमेकींना किती ओढतात ते ठरवणाऱ्या आकड्याची), म्हणजे वर्गात आपण ज्याला 'कॅपिटल जी' म्हणतो त्याची किंमत अशी छापलेली असते: ६.६७४३०(१५), गुणिले दहाचा उणे अकरावा घात. पुढे एकक. आमच्या पाठ्यपुस्तकात हाच आकडा ६.६७ होऊन येतो. गणितं सोडवायला तेवढा पुरतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुस्तकापर्यंत पोहोचताना तो कंस गळून पडतो, आणि त्या सगळ्या ओळीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो नेमका कंसच.

कंसातले १५ हे शेवटच्या दोन अंकांबद्दल आहेत. ६.६७४३० हे आमचं आजचं उत्तमातलं उत्तम उत्तर, पण खरी किंमत ६.६७४१५ ते ६.६७४४५ यांच्या मध्ये कुठेही असू शकते, आणि ती या पट्ट्यात असेल अशी शक्यताही साधारण तिनात दोनच, असं ती समिती जगाला सांगते आहे. किती माहीत आहे हे सांगताना किती माहीत नाही हेही त्याच ओळीत, त्याच शाईत छापायचं. दुसऱ्या कुठल्या व्यवसायात ही रीत इतकी काटेकोरपणे पाळली जाते, मला तरी सांगता येणार नाही.

गेली बरीच वर्षं मी एका तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. प्रॅक्टिकलमध्ये साध्या लंबकाचा प्रयोग असतो. धातूचा गोळा, दोरा, दोरा पकडायला मधोमध कापलेला कॉर्क, स्टॉपवॉच. वीस आंदोलनांचा वेळ घ्यायचा, त्यावरून आवर्तकाल, त्याचा वर्ग, मग लांबी आणि टी-वर्ग यांचा आलेख आणि त्याच्या उतारावरून 'स्मॉल जी'. हा जी वेगळा. तो पृथ्वीच्या पृष्ठभागावरचं गुरुत्वत्वरण सांगतो, जागेनुसार बदलतो. उत्तर ९८० ते ९८१ (सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग) यायला हवं हे प्रयोग सुरू होण्याआधीच सगळ्या बॅचला माहीत असतं. वरच्या वर्गातली मुलं सांगून ठेवतात.

एकदा एका मुलीचं जर्नल तपासताना टी-वर्गाच्या रकान्यात कागद पातळ झालेला दिसला. खोडरबर जोरात फिरवलेलं, त्यावर नवा आकडा, अक्षर सुंदर. आधी काय होतं, म्हणून विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, उत्तर ९७८ येत होतं, म्हणून रीडिंग नीट केलं."

तिचं आधीचं रीडिंगच नीट होतं. ९८०.६६५ ही किंमत १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेनं हिशोबाच्या सोयीसाठी ठरवून दिलेली प्रमाण किंमत आहे. प्रत्यक्षात पृथ्वी फिरते आणि मध्यावर फुगलेली आहे, त्यामुळे स्मॉल जी विषुववृत्तावर ९७८ च्या आसपास आणि ध्रुवांपाशी ९८३ च्या आसपास असतो. महाराष्ट्राच्या अक्षांशांवर तो ९७८ आणि ९७९ यांच्या मध्येच येतो. त्या मुलीच्या हातातल्या गोळ्यानं आणि दोऱ्यानं तिला आपल्या मातीचा आकडा सांगितला होता, आणि तिनं तो खोडून पुस्तकाचा लिहिला. सत्तरेक सेंटिमीटरच्या दोऱ्यानं आणि हातातल्या स्टॉपवॉचनं ९७८ आणि ९८१ वेगळे ओळखता येतात असा माझा दावा नाही. पण तिनं जर आपल्या ९७८ पुढे 'अधिक-उणे ५' असं लिहिलं असतं, तर खोडण्याची गरजच पडली नसती. ९८१ त्या पट्ट्यात बसतोच की. कंस माहीत नसला की दोन आकड्यांत भांडण दिसतं, आणि मग धाकटा आकडा माघार घेतो.

हे फक्त सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचं नाही. इलेक्ट्रॉनवरचा भार रॉबर्ट मिलिकन यांनी शिकागोत तेलाच्या थेंबांवरून मोजला. १९१३ साली त्यांनी दिलेली किंमत आजच्या एककात १.५९२ येते. आज आपण १.६०२ मानतो. म्हणजे साधारण ०.६ टक्क्यांनी कमी. थेंबांचं निरीक्षण अप्रतिम होतं, घोटाळा दुसरीकडे होता: थेंब हवेतून किती वेगानं खाली येतो यावरून त्याचा आकार काढायचा, तर त्यासाठी हवेची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा तिचा अंतर्गत विरोध, लागते, आणि वापरलेली श्यानताच थोडी चुकीची होती. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ साली कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेच्या पदवीदान समारंभातल्या भाषणात हे उदाहरण दिलं. मिलिकनच्या नंतरच्यांची उत्तरं एकदम खऱ्या किमतीवर न जाता थोडी थोडी वर सरकत गेली, आणि का, तर ज्याचं उत्तर मिलिकनपेक्षा फार वेगळं येई तो आपल्या प्रयोगात दोष शोधत बसे; जवळ येई तो फारसा शोधत नसे. प्रत्यक्ष इतिहास इतक्या सरळ पायऱ्यांचा नाही. १९२८ साली उप्सालामध्ये बॅकलिन यांनी क्ष-किरणांच्या वाटेनं मोजलं तेव्हा वेगळीच, मोठी किंमत आली. त्याच्या पुढच्याच वर्षी बर्कलीच्या रेमंड बर्ज यांनी सगळ्या स्थिरांकांची मोठी चिकित्सा प्रसिद्ध केली, तीत त्यांनी विश्वास ठेवला तो मिलिकनच्या थेंबांवर. श्यानतेकडे बोट दाखवलं १९३२ मध्ये जपानच्या शिबा यांनी. दोष सापडून मान्य व्हायला दोन दशकं गेली. मात्र फाइनमन ज्या मोहाबद्दल बोलत होते तो खराच आहे. उत्तर जुळलं की आपण तपासणं थांबवतो. खोडरबर लागत नाही त्याला.

कॅपिटल जीची गोष्ट मला आवडते, कारण तिच्यात हा मोह पुन्हा पुन्हा येतो आणि पुन्हा पुन्हा माणसं त्याला पुरून उरतात.

सुरुवात हेन्री कॅव्हेंडिशपासून. लंडनजवळच्या क्लॅपममध्ये राहणारा, अतिशय श्रीमंत, माणसांत न मिसळणारा हा शास्त्रज्ञ १७९७-९८ मध्ये साठी ओलांडून पुढे गेलेला होता. उपकरण मुळात जॉन मिशेल या पाद्र्याचं. प्रयोग करण्याआधीच मिशेल गेले आणि ते सामान हस्ते परहस्ते कॅव्हेंडिशकडे आलं. त्यानं त्यातलं बरंचसं नव्यानं बांधलं. सहा फूट लांबीचा लाकडी दांडा बारीक तारेनं आडवा टांगलेला, दांड्याच्या दोन टोकांना दोन-दोन इंच व्यासाचे शिशाचे गोळे. त्यांच्याजवळ आणायचे दोन मोठे गोळे, प्रत्येकी बारा इंच व्यासाचे, साधारण १५८ किलोचे. मोठा गोळा लहान गोळ्याला ओढतो, तार किंचित पिळली जाते, दांडा किंचित सरकतो. ती ओढ किती? वाळूच्या एका बारीक कणाच्या वजनाइतकी. माणूस खोलीत शिरला तरी त्याच्या अंगाच्या उबेनं हवा हलणार, म्हणून कॅव्हेंडिश खोलीबाहेर थांबायचा, गोळे बाहेरूनच दोऱ्या-कप्प्यांनी फिरवायचा आणि भिंतीतल्या भोकात बसवलेल्या दुर्बिणीतून दिव्याच्या उजेडात दांड्याच्या टोकाची पट्टी वाचायचा.

त्याचा निबंध वाचताना मी थक्क होते ती त्याच्या संशयामुळे. दांडा सरकतोय तो गुरुत्वाकर्षणामुळेच कशावरून? मोठे गोळे लोखंडी सळ्यांनी टांगलेले होते. चुंबकत्व असेल तर? त्यानं सळ्या तांब्याच्या केल्या. तरी समाधान नाही, म्हणून गोळ्यांच्या जागी खरेखुरे चुंबक ठेवून बघितलं. तार लवचीक आहे खरी, पण ती ताण सोडल्यावर पूर्ण मूळ जागी येते का? तेही तपासलं. गोळे आणि पेटीतली हवा यांच्या तापमानात फरक असेल, त्यामुळे हवेचे झोत उठत असतील? मग त्यानं मुद्दाम गोळ्यांखाली दिवे लावून ते तापवले आणि परिणाम किती वाढतो ते मोजलं. आपल्याच उत्तराविरुद्ध साक्षीदार शोधून आणायचे आणि त्यांची उलटतपासणीही आपणच करायची, असं ते काम.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण अनेक पुस्तकांत ती चुकीची येते. कॅव्हेंडिशनं कॅपिटल जी काढला नव्हता. ते अक्षर आणि ती कल्पना त्या रूपात पुढे जवळजवळ शतकभरानं रूढ झाली. त्याला हवी होती पृथ्वीची घनता. एकोणतीस निरीक्षणांवरून त्यानं ती पाण्याच्या ५.४८ पट अशी दिली. पुढे फ्रान्सिस बेली यांनी त्याच आकड्यांची सरासरी पुन्हा काढली तर ती ५.४४८ भरली, एवढ्या सावध माणसाचा हात साध्या अंकगणितात घसरला होता. आजची किंमत ५.५१. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते निबंधाच्या शेवटी त्यानं लिहिलेलं एक वाक्य: पृथ्वीची घनता आपल्या उत्तरापेक्षा एक चौदांशानं वेगळी असेल असं वाटत नाही. एक चौदांश म्हणजे सात टक्के. त्यानं स्वतःला सात टक्क्यांची मोकळीक ठेवली, आणि निघाला खऱ्या किमतीपासून एखाद्या टक्क्यावर. कोडाटाची पद्धत यायला पावणेदोनशे वर्षं होती, तरी कॅव्हेंडिशनं आपला कंस लिहून ठेवला होता.

त्यानंतरची वाट लांब आहे. सगळी सांगत नाही. दोघांना मात्र सोडवत नाही. ऑक्सफर्डला चार्ल्स व्हर्नन बॉइज यांनी धातूच्या तारेऐवजी क्वार्ट्‌झचा धागा वापरला. केसाहून कितीतरी बारीक, तरी मजबूत. तो बनवायची त्यांची युक्ती अशी: क्वार्ट्‌झचा वितळलेला थेंब एका हलक्या बाणाच्या मागे चिकटवायचा आणि लहानशा धनुष्यानं बाण खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला सोडायचा. बाणामागे धागा ओढला जायचा. मोजमापं ते रात्री उशिरा, वाहतूक थंडावल्यावर घ्यायचे, कारण दिवसा जमीन हादरत असे. दुसरे पॉल हेल, वॉशिंग्टनच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्‌समध्ये. १९३० च्या सुमारास त्यांनी सोनं, प्लॅटिनम आणि काच अशा तीन पदार्थांचे लहान गोळे घेतले. आकर्षण पदार्थावर अवलंबून नाही हे दिसावं म्हणून. तीन उत्तरं आली: सोन्याचं ६.६७८, प्लॅटिनमचं ६.६६४, काचेचं ६.६७४. आणि काम चालू असताना लक्षात आलं की सोन्याचे गोळे वजनानं वाढताहेत. प्रयोगशाळेच्या हवेत पाऱ्याची वाफ होती, आणि सोनं ती शोषून घेत होतं. विश्वाचा स्थिरांक मोजायला बसलेल्या माणसाला आपल्या खोलीतला सांडलेला पाराही मोजावा लागतो.

एवढं अवघड का? कारण गुरुत्वाकर्षण विलक्षण दुबळं आहे. हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्यातली विजेची ओढ त्यांच्यातल्या गुरुत्वीय ओढीपेक्षा एकावर एकोणचाळीस शून्यं इतक्या पटींनी जास्त आहे. शिवाय विजेला आडोसा करता येतो, गुरुत्वाकर्षणाला आडोसाच नाही. शेजारच्या खोलीतलं कपाट, प्रयोग करणारी व्यक्ती, बाहेरच्या टेकडीत मुरलेलं पावसाचं पाणी, सगळं त्या लहानशा गोळ्याला ओढत असतं. आणि तिसरी अडचण अशी की हा स्थिरांक दुसऱ्या कुठल्याही स्थिरांकाशी समीकरणानं बांधलेला आपल्याला माहीत नाही. इलेक्ट्रॉनचा भार चुकला तर प्लांकचा स्थिरांक किंवा ॲव्होगॅड्रोचा अंक कुरकुरायचा, चूक पकडली जायची. जी चुकला तर कुणी काही बोलत नाही.

गंमत म्हणजे तो नेमका माहीत नसल्यानं आकाशातलं कुठलंच काम अडत नाही. उपग्रह सोडायला, चंद्रावर यान उतरवायला लागतो तो जी आणि पृथ्वीचं वस्तुमान यांचा गुणाकार, आणि तो उपग्रहांच्या कक्षांवरून आपल्याला अब्जात दोन भाग इतक्या बारकाईनं माहीत आहे. अडतं ते गुणाकार सोडवताना. जीबद्दलची शंका जशीच्या तशी पृथ्वीच्या वस्तुमानात उतरते. पृथ्वीचं वस्तुमान ५.९७२, गुणिले दहाचा चोविसावा घात, किलोग्रॅम आहे असं आपण मुलांना पाठ करायला देतो. त्यातली अनिश्चितता एकावर वीस शून्यं किलोग्रॅमहून जास्त आहे, आणि ती सगळी त्या कंसातल्या १५ मधून आलेली आहे.

आता १९९८ कडे येते. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळचं वाटतं ते हे वर्ष.

१९८६ च्या कोडाटा यादीत जी होता ६.६७२५९(८५). तो मुख्यतः अमेरिकेतल्या लूथर आणि टॉलर यांच्या १९८२ च्या, तारेच्या पिळावर आधारलेल्या मोजणीवर उभा होता. मग १९९५ मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या राष्ट्रीय मापन संस्थेनं आपलं उत्तर प्रसिद्ध केलं: ६.७१५. फरक ०.६ टक्के. ऐकायला किरकोळ, पण मान्य अनिश्चिततेच्या तो पन्नास पट होता. आणि हे काम कुणा हौशी माणसाचं नव्हतं. मोजमाप हाच ज्यांचा धर्म अशा जगातल्या अग्रगण्य संस्थांपैकी ती एक. त्यांचा दांडा तारेला टांगलेला नसून पाऱ्यावर तरंगवलेला होता. त्यांनी पुन्हा पुन्हा तपासलं, दोष सापडेना, तेव्हा जसं आलं तसं उत्तर छापलं. त्याच वर्षी जपानच्या कुरोदा यांनी आणखी एक काळजी पुढे ठेवली: पिळाची तार आपण मानतो तशी आदर्श लवचीक नसते, त्यामुळे आंदोलनाच्या वेळावरून जी काढायच्या पद्धतीत उत्तर थोडं जास्त येतं. म्हणजे जुन्या उत्तराखालची जमीनही डळमळीत.

समितीपुढे सोपे मार्ग होते. विचित्र उत्तर बाजूला टाकायचं आणि जुनी किंमत थोडी घासूनपुसून पुढे चालवायची, एवढं पुरलं असतं. बहुतेकांना वाटतही होतं की जर्मन उत्तरातच काहीतरी गडबड असणार. पण 'वाटतं' हे कारण छापता येत नाही. म्हणून १९९८ च्या यादीत आलं: ६.६७३(१०).

हे दोन आकडे मी दरवर्षी फळ्यावर एकाखाली एक लिहिते. वर ६.६७२५९(८५), खाली ६.६७३(१०). मुलं पटकन म्हणतात, मॅडम, खालच्यात दोन अंक कमी झाले. बरोबर. बारा वर्षांची मेहनत, नवी उपकरणं, कित्येक देशांतले प्रयोग, आणि अंक वाढायच्या ऐवजी कमी झाले, अनिश्चितता बारा पट झाली. विज्ञान सतत पुढेच जातं असं ऐकत वाढलेल्या मुलांना हे पचत नाही. एखादा विचारतो, मग तेवढी वर्षं वाया गेली का? मी त्याला त्या समितीच्या जागी बसवते. तुझ्यापुढे दोन अहवाल आहेत, दोघांनी प्रामाणिकपणे काम केलंय, उत्तरं जुळत नाहीत, चूक कुणाची ते कुणालाच ठाऊक नाही. तू काय छापशील? थोडा वेळ लागतो, पण वर्ग तिथे पोहोचतो. कंस मोठा करावा लागेल.

पुढे दोनच वर्षांत सिएटलच्या गुंडलाख आणि मर्कोविट्‌झ यांनी संपूर्ण उपकरण फिरत्या तबकडीवर ठेवून, तार जवळजवळ न पिळू देता मोजलं आणि ६.६७४२१५(९२) मिळवलं. जर्मन प्रयोगातला दोषही नंतर सापडला, विजेच्या बाजूनं बल मोजण्याच्या भागात. कंस पुन्हा आकसत गेला. २००२ मध्ये ६.६७४२(१०), २००६ मध्ये ६.६७४२८(६७). आणि २०१० मध्ये तो परत थोडा फुगला: ६.६७३८४(८०). नवी मोजमापं आली होती, ती आपसात पटत नव्हती.

याच काळात बाकीच्या स्थिरांकांचं जग मात्र पार बदललं. २० मे २०१९ पासून आंतरराष्ट्रीय एककपद्धतीत प्लांकचा स्थिरांक, इलेक्ट्रॉनचा भार, बोल्ट्‌झमनचा स्थिरांक आणि ॲव्होगॅड्रोचा अंक यांच्या किमती ठरवूनच टाकल्या गेल्या. प्रकाशाचा वेग १९८३ मध्येच ठरला होता. आता त्यांच्यापुढे कंस नाही. किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळच्या सेव्ह्र गावात कपाटबंद ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा, ही १८८९ पासूनची व्यवस्था संपली. आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतली ५७ क्रमांकाची त्याची प्रतही मग उगम राहिली नाही, वारसा झाली. रसायनशास्त्र शिकवणारे माझे सहकारी खूश आहेत, ॲव्होगॅड्रोचा अंक आता ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात, संपला विषय. पण एक बारीक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे. निर्वात पोकळीची चुंबकीय पार्यता आम्ही 'चार गुणिले पाय (π) गुणिले दहाचा उणे सातवा घात' अशी तंतोतंत शिकलो; ती २०१९ नंतर तंतोतंत राहिली नाही. तिला आता कंस आहे. ठरवून एका ठिकाणचा कंस काढला की तो निसर्गात दुसरीकडे उगवतो.

कॅपिटल जी या सुधारणेच्या बाहेरच राहिला. त्याच्या आधारानं एखादं एकक ठरवावं इतका तो कुणाला माहीतच नाही.

उत्तरं जुळत नाहीत याचं कारण जी स्वतःच बदलतो हे असेल का? हा प्रश्न वेडगळ नाही. १९३७ साली ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकनं विश्वाच्या वयाबरोबर जी कमी होत असावा असा अंदाज मांडला होता. आपल्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर आणि ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी गुरुत्वाकर्षणाचा जो सिद्धांत उभा केला, त्यातूनही पुढे काळानुसार जी घटण्याची शक्यता निघाली. नारळीकरांचं मराठी वाचत मोठी झालेली आमची पिढी. 'स्थिरांक स्थिर असतो हे तुला कुणी सांगितलं?' असा प्रश्न विचारायला लाज वाटू नये, एवढं तरी त्यांनी आम्हाला दिलं. पण प्रश्न विचारला की उत्तर मोजून काढावं लागतं. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसर सोडून चंद्राचं अंतर सेंटिमीटरपेक्षाही बारकाईनं मोजता येऊ लागलं. जी कमी होत असता तर चंद्राची कक्षा भरतीओहोटीमुळे पसरते त्याहून वेगळी पसरली असती. तसं दिसत नाही. बदल असलाच तर तो वर्षाला एक लाख कोटीत एका भागाहून कमी. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी जीऐवजी दुसरे स्थिरांक तपासले. दूरच्या वायूतल्या हायड्रॉक्सिल रेणूच्या रेडिओ रेषा बघून, जवळजवळ तीनशे कोटी वर्षांपूर्वी विजेच्या बलाचं माप आणि प्रोटॉन-इलेक्ट्रॉन वस्तुमानांचं गुणोत्तर आजच्यासारखंच होतं का, हे त्यांनी पाहिलं. २०१८ मधलं त्यांचं उत्तर होतं, बदल दहा लाखात अधिक ०.९७, अनिश्चितता १.५२. अनिश्चितता उत्तरापेक्षा मोठी. म्हणजे बदल दिसला नाही, आणि किती बारकाईनं बघूनही दिसला नाही, तेही सांगितलं.

तेव्हा तारा, गोळे आणि हवा यांच्याकडेच परत यावं लागतं.

चीनमधल्या वुहानला एका टेकडीच्या पोटातल्या गुहेत लुओ जुन आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकापासून जी मोजताहेत. गुहेत तापमान स्थिर राहतं, हादरे पोहोचत नाहीत. २०१८ मध्ये त्यांनी एकाच गटात, दोन वेगळ्या पद्धतींनी, एकमेकींपासून स्वतंत्र मोजणी केली. एका पद्धतीत आंदोलनाचा वेळ, दुसरीत फिरत्या तबकडीचं कोनीय त्वरण. आधी कुणीच गाठली नव्हती इतकी बारीक अचूकता दोन्हींत होती. पहिल्या पद्धतीनं आलं ६.६७४१८४(७८). दुसरीनं ६.६७४४८४(७८). फरक कंसाच्या जवळजवळ चौपट. माणसं तीच, संस्था तीच, काळजी तेवढीच, आणि उत्तरं दोन.

त्यांनी सरासरी काढली नाही. दोन्ही किमती एकाच लेखात शेजारी शेजारी छापल्या. कोडाटाच्या २०२२ च्या यादीतही कंसातला आकडा १५ च राहिला.